‘हो’ म्हणायचा अधिकार खड्ड्याला नाही

नकाशा उघडायच्या आधी कोर्सच्या मॅडमनी आम्हाला हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचायला लावलं. मोठ्याने, एकेक ओळ. झाडांची रेषा संपते तिथून वर धोक्याची पातळी तीन. उत्तरेपासून पूर्वेपर्यंतच्या दिशांना तोंड असलेल्या उतारांवर विशेष जपून. कारणं दोन: वाऱ्याने आणून टाकलेला ताजा थर, आणि त्याच्या खाली हिवाळ्याच्या सुरुवातीपासून तग धरून बसलेला एक कमकुवत थर. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "आता सांगा, उद्या कुठे जायचं नाही?"

रुळलेल्या वाटा सोडून हिवाळी बर्फात फिरणाऱ्यांसाठीचा हा हिमस्खलन-सुरक्षेचा कोर्स. आम्ही बहुतेक जण दोन गोष्टींच्या ओढीने आलो होतो: बर्फात खड्डा खणून थर वाचणं आणि बर्फात गाडला गेलेला माणूस बीकनने, म्हणजे अंगावर बांधायच्या सिग्नल पाठवणाऱ्या-पकडणाऱ्या यंत्राने, शोधणं. दोन्ही शिकलो. पण पहिली अख्खी संध्याकाळ कागदांत गेली, आणि माझ्या मते कोर्सची किंमत तिथेच वसूल झाली.

पातळ्या पाच आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिशय जास्त. युरोपात ही सामाईक पट्टी १९९३पासून चालते. तीन म्हणजे मधली, म्हणजे ठीकच, असा हिशेब मन परस्पर करून टाकतं. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दोनवरून तीनवर गेलं की धोका थोडासा नाही, पटींनी वाढतो. स्वित्झर्लंडसारख्या देशात, जिथे नोंदी नीट ठेवल्या जातात, तिथे सर्वाधिक माणसं मरतात ती चार-पाच पातळीला नव्हे, तीनला. कारण सरळ आहे. चार-पाचला निसर्ग स्वतःच ओरडून सांगत असतो, लोक बाहेर पडत नाहीत. तीनला ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा आणि मऊ असतो, आणि एका माणसाच्या वजनाने उतार सुटावा इतका नाजूकही असतो. जीवघेण्या हिमस्खलनांपैकी दहातली नऊ खुद्द सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच गटातल्या कोणीतरी सुरू करून दिलेली असतात, हे त्या संध्याकाळी ऐकल्यावर खोलीत जरा शांतता झाली. आभाळातून कोसळणारं संकट वगैरे म्हणायची सोयच राहिली नाही.

आपल्याकडे हिमालयासाठी असे अंदाज चंडीगडची डी.जी.आर.ई. ही संरक्षण-संशोधन संस्था देते, पूर्वीची ‘सासे’ आता तिच्यात सामावली आहे. अंदाज कुणाचाही असो, तो एका मोठ्या प्रदेशासाठी असतो. तुमच्या नाकासमोरचा उतार त्यात नसतो. तो तुम्हालाच वाचायचा.

मग नकाशा आला आणि सोबत रंगीत पेन्सिली. स्लॅब, म्हणजे सलग फळीसारखा सुटून येणारा बर्फ, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो, आणि सर्वांत जास्त वेळा ३८च्या आसपास. त्याहून फारच उभ्या कड्यावर बर्फ नीट साचत नाही, थोडा थोडा झडत राहतो. ३०च्या खाली तो सहसा जागचा हलत नाही. समोच्च रेषांमधलं अंतर मोजून ३०च्या वरचं सगळं आम्ही लाल केलं. त्यानंतर मॅडमनी पिवळी पेन्सिल हातात दिली. वरचा लाल भाग सुटला तर तो जिथपर्यंत वाहत येईल तो पट्टा पिवळा करायचा. इथे खरी गंमत झाली. आम्हाला जायचं होतं त्या खिंडीखालची दरी जवळजवळ सपाट, पायी चालायला सोपी, आणि ती पिवळ्या रंगात पार बुडाली. तुम्ही पंधरा अंशांवर उभे असाल, पण डोक्यावर अडतीस अंश लटकत असतील, तर तुमचा उतार अडतीसचाच. शिवाय दरीच्या तळाला अरुंद घळ होती. घळीत, खड्ड्यात किंवा झाडांच्या खोडांवर नेऊन आपटणारी जागा असेल तर छोटंसं स्खलनही माणसाला खोल गाडतं किंवा मोडून टाकतं.

शेवटी दोन वाटा लिहिल्या. पहिली खिंडीकडची, अटींसकट: अमुक दिसलं तर परत, अमुक वाजेपर्यंत तिथे पोचलो नाही तर परत. दुसरी झाडीतून जाणाऱ्या रुंद धारेवरची, जिच्यावर लाल रंग कुठेच नव्हता.

सकाळी निघताना बीकनची तपासणी. सगळे बीकन एकाच वारंवारतेवर, ४५७ किलोहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी एकमेकांना ऐकू येतात. मॅडम थोड्या पुढे जाऊन शोध-मोडवर उभ्या राहिल्या आणि आम्ही एकेक करून त्यांच्यासमोरून गेलो. मग त्यांनी स्वतःचा पाठवण्याच्या मोडवर टाकला आणि शेवटच्या माणसाने तो तपासला. एकाचा फोन बीकनला चिकटून छातीच्या खिशात होता. फोन, तापणारे हातमोजे, कॅमेऱ्याचा रिमोट, असलं काहीही बीकनपासून किमान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब. फोन पिशवीच्या तळाशी गेला, विषय संपला.

चालता चालता काय पाहायचं याची यादी फार मोठी नाही. ताजी स्खलनं, पायाखालून धावणाऱ्या भेगा, बर्फ धसल्याचा आवाज, नुकताच पडलेला भरपूर बर्फ, वाऱ्याने उडणारा बर्फ, अचानक वाढलेली ऊब. धारेच्या माथ्यावरून बर्फाचा धूर निघत होता. म्हणजे वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचत होता. आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा वारा कितीतरी वेगाने, दहा-दहा पट वेगानेही, उतार भरू शकतो. निरभ्र आकाशाखाली धोका वाढत असतो तो असा. काठीची मूठ उलटी करून मी अधूनमधून बर्फात खुपसत होते. वर थोडा कडकपणा, मग मध्येच हाताला काही लागेनासं व्हायचं आणि काठी एकदम खाली जायची. वर घट्ट, खाली पोकळ.

मग तो आवाज झाला. आम्ही मोकळ्या, सपाट जागेतून जात होतो. धप्प. कानाआधी तो पायांना कळला. पायाखालचा सगळा बर्फ बोटभर खाली बसला आणि त्याच क्षणी वीस-पंचवीस मीटरवरच्या एका झुडपावरचा बर्फ झडून पडला. त्या झुडपाला कोणी हात लावलेला नव्हता. खालचा कमकुवत थर माझ्या वजनाने कोसळला होता आणि ते कोसळणं थराथरातून पळत तिथपर्यंत गेलं होतं. सपाटीवर बर्फाला जायला जागा नसते, म्हणून तो नुसता बसला. हेच उताराच्या पायथ्याशी झालं असतं तर ते पळणं वर चढलं असतं आणि उतार वरून सुटला असता. उतारावर पाऊल न टाकताही तो सोडवता येतो, ही गोष्ट वाचून माहीत असणं वेगळं आणि ते झुडूप हलताना बघणं वेगळं. त्यानंतर बराच वेळ कोणी फोटो काढले नाहीत.

खिंडीकडच्या उतारासारखंच तोंड असलेली, पण पंचवीस अंशांची आणि वर काही लटकत नसलेली जागा शोधून आम्ही खड्डा खणला. खणण्याची मेहनत कोणी सांगत नाही. सव्वा मीटर खोल, आत उभं राहून काम करता येईल इतका रुंद, आणि वरच्या बाजूची भिंत फावड्याने तासून गुळगुळीत, सावलीत. भिंत तासली की थर नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागतात. मग हाताने कडकपणा तपासायचा: हलक्या दाबाने आख्खी मूठ आत जाते का, नाहीतर चार बोटं, एक बोट, पेन्सिल, आणि अगदी घट्ट असेल तर सुरीचं टोक. वरचा ताजा बर्फ मुठीचा. त्याखाली वाऱ्याने दाबलेला थर एका बोटाचा, चांगला जाड. आणि तळाशी पुन्हा मूठ. घट्टाखाली भुसभुशीत, हीच ती वाईट रचना.

तळाचा बर्फ काळ्या जाळीदार पत्र्यावर घेऊन भिंगाखाली पाहिला. जाड साखरेसारखे सुटे दाणे, तीन-चार मिलिमीटरचे, काही पेल्याच्या आकाराचे, बाजूंवर बारीक रेघा. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होईना. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या जवळपास आणि वर निरभ्र रात्रीची कडक थंडी. मधल्या थोड्याशा जाडीत तापमानाचा हा सगळा फरक मावतो. दर १० सेंटीमीटरला साधारण एक अंशाहून जास्त फरक पडू लागला की खालची वाफ वर सरकत राहते, दाण्यांमधले सांधे विरघळतात आणि कोनदार, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. जाड बर्फाखाली ते महिनोन्‌महिने तसेच राहू शकतात. थंडी जास्त म्हणजे बर्फ पक्का, हा आपला अंदाज इथे उलटा पडतो. पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी हीच पुढच्या संकटाची पायाभरणी.

त्यानंतर विस्तारित स्तंभ चाचणी, जिला सगळे ई.सी.टी. म्हणतात. उताराला आडवा ९० सेंटीमीटर रुंद आणि आत ३० सेंटीमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा बाजूंनी आणि मागून मोकळा करायचा. मागची बाजू कापायला गाठी मारलेली दोरी. दोघांनी दोन टोकं धरून करवतीसारखी ओढायची. मग एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून त्यावर थापा: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग कितव्या थापेला पडते हे लिहायचंच, पण खरं बघायचं ते हे, की भेग फावड्याखालीच थांबते की ठोकळ्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत धावते. मनगटाच्या दहा थापांत काही झालं नाही. कोपरातून तिसरी थाप बसली आणि तळाच्या साखरेवरून आख्खा ठोकळा एका दमात सरकून माझ्या मांडीवर आला. भेग धावताना दिसलीच नाही. आधी ठोकळा होता, मग नव्हता. कापलेला पृष्ठभाग सुरीने कापल्यासारखा सपाट. वहीत लिहिलं: ई.सी.टी.पी. १३, म्हणजे तेराव्या थापेला भेग पार धावली.

मॅडमनी लगेच थोड्या अंतरावर दुसऱ्या तुकडीला खणायला लावलं होतं. तिथे तीसच्या तीस थापा झाल्या आणि ठोकळा जागचा हलला नाही. तोच उतार, तेच तोंड, तीच उंची. आमच्यातला सर्वांत अनुभवी गडी म्हणाला, "म्हणजे एक-एक. बरोबरी. मग ऐकायचं कुणाचं?"

"तुमच्या खड्ड्याने नाही म्हटलं, ते ऐकायचं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या खड्ड्याने काहीच म्हटलेलं नाही."

मला हे वाक्य तिथल्या तिथे तेवढं पटलं नाही, जेवढं रात्री वही उघडल्यावर पटलं. बर्फ उतारभर सारखा नसतो. खाली दगड आहे, झुडूप आहे, वाऱ्याने इथे जास्त टाकलंय, तिथे ओरबाडलंय. ठोकळा म्हणजे एवढ्या मोठ्या उतारातला जेमतेम दोन हात रुंद तुकडा. त्यात वाईट रचना सापडली तर ती त्या उतारावर आहे हे सिद्ध झालं. नाही सापडली तर ती तिथे, त्या तुकड्यात सापडली नाही, एवढंच. शिवाय कमकुवत थर मीटरभराहून खोल गेला की वरच्या थापा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत आणि चाचणी उगाच चांगला निकाल देऊ शकते. त्यामुळे बुलेटिन तीन, कमकुवत थर जाहीर, सकाळीच झालेलं ते धप्प, आणि तरी ‘चला, खड्डा खणून ठरवू’ असं म्हणणं म्हणजे आधीच ठरवून परवानगी शोधणं आहे. खड्डा तुमचा बेत रद्द करू शकतो. रद्द झालेला बेत जिवंत करणं त्याचं काम नाही.

एवढं सगळं होऊनही वाद झालाच. खिंडीकडच्या उतारावर स्कीच्या ताज्या खुणा दिसत होत्या, दोघांच्या असाव्यात. "ते गेले ना, काही झालं नाही." हिमस्खलनांचे अभ्यासक इयन मॅककॅमन यांनी अमेरिकेतले १९७२ ते २००३ मधले ७१५ अपघात तपासून माणसं ज्या सहा मानसिक सापळ्यांत अडकतात ते मांडले आहेत: ओळखीची जागा, इतरांची मर्जी राखणं, ठरलंय म्हणून करणं, जाणकार सोबत आहे या भरवशावर राहणं, संधी निसटेल ही भीती, आणि आसपास दुसरे आहेत म्हणून येणारी हिंमत. त्या पाच मिनिटांच्या वादात आम्ही त्यातले बहुतेक वापरून टाकले असतील. खुणा एवढंच सांगतात की ते दोघे ज्या रेषेवरून गेले तिथे त्यांच्या वजनाने बर्फ सुटला नाही. पुढचा माणूस दोन मीटर बाजूने, जिथे थर पातळ आहे तिथून गेला तर? दहावा माणूसही उतार सोडवू शकतो. ‘जाणकार सोबत आहे’वर मात्र मॅडमनी स्वतःकडेच बोट दाखवलं. "माझ्याकडे बघून होकार देऊ नका. एकाने जरी नको म्हटलं तर सगळे परत. कारण नाही सांगता आलं तरी चालेल." पाठीमागून एका मुलीने हळूच म्हटलं, "मला नको." वाद मिटला. मला अजून वाटतं, त्या दिवसभरातलं सर्वांत कठीण काम तिनेच केलं.

धारेची वाट लांब होती आणि दिसायला साधी. मध्ये एका घळीचं तोंड ओलांडावं लागलं, वरून काही आलं तर तिथेच येईल असं. पलीकडचा दगड ही सुरक्षित जागा ठरवली, काठ्यांच्या पट्ट्यांतून हात मोकळे केले, पिशवीचा छातीवरचा पट्टा सोडला आणि एकेक करून गेलो, बाकीच्यांचे डोळे जाणाऱ्यावर. सगळे एकदम सापडले तर शोधणारं कोणी उरत नाही.

दुपारी सपाटीवर बचावाचा सराव. आकडा आधी सांगते म्हणाल्या मॅडम, म्हणजे घाई का करायची ते कळेल. स्वित्झर्लंडच्या नोंदींनुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने साधारण तीनातला एक. मधल्या वीस मिनिटांत माणसं गुदमरतात. बाहेरची मदत त्या वेळात पोचत नाही. काय करायचं ते उरलेल्या सोबत्यांनीच करायचं.

बीकन घातलेली पिशवी कुठेतरी पुरलेली होती. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा धरून खाली, बर्फ वाहिला त्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी चालत जायचं, कान आणि डोळा बीकनवर, आणि बर्फावर काही पडलेलं दिसतं का तेही पाहायचं. सिग्नल मिळाला की बीकनवर बाण आणि मीटरमधल्या अंतराचा आकडा. बाण सरळ नेत नाही, वळणावळणाने नेतो, कारण रेडिओलहरींचं क्षेत्रच तसं वाकडं असतं. त्याच्याशी भांडायचं नाही. आकडा तीनच्या खाली आला की बीकन बर्फाला जवळजवळ टेकवायचा, हळू करायचं, आणि तो न वळवता आधी पुढेमागे, मग डावीउजवीकडे सरकवून सर्वांत लहान आकडा शोधायचा. माझा हात इथे थरथरत होता, आणि ते सरावात. मग प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून चाचपायची लांब सळई: उताराला काटकोनात, २५-२५ सेंटीमीटरवर, आतून बाहेर फिरत जाणारी चक्रं. बर्फात प्रोब जातो, जमिनीवर ठक्क होतो, आणि माणसावर, इथे पिशवीवर, तो मऊपणे अडतो. अडला की उपसायचा नाही, तसाच ठेवायचा.

आणि फावडं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि विकत घेताना लोक सर्वांत कमी विचार याचाच करतात. स्खलन थांबलं की बर्फ काही क्षणांत आवळून घट्ट होतो. प्लॅस्टिकचं पातं त्यावरून उसळतं. मीटरभर खोल गाडलेल्या माणसासाठी एक-दीड घनमीटर बर्फ हलवावा लागतो आणि घनमीटरचं वजन तीनशे ते पाचशे किलो. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून सरळ खाली खणलं की खड्ड्यातलं खड्ड्यातच पडतं आणि माणसाच्या श्वासाची पोकळीही दबते. म्हणून खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून आडवं आत शिरायचं, पुढच्याने तोडायचं, मागच्यांनी पाय-हात चालवत वल्ह्यासारखं मागे ढकलायचं, दमला की जागा बदलायची. चेहरा दिसला की आधी तोंड-नाक मोकळं. आमच्या पिशवीला तोंड नव्हतं, तरी घड्याळ बघून सगळे गप्प झाले होते, कारण बीकनने शोधायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट खणायला लागला.

त्या संध्याकाळी खड्ड्यांचे दोन्ही निकाल आणि धप्पची जागा अंदाज देणाऱ्या केंद्राला कळवली. दुसऱ्या दिवशीचं बुलेटिन पुन्हा तीनच होतं, मजकूरही जवळजवळ तोच. पेन्सिली निघाल्या, नकाशा रंगला, आणि निवडलेल्या वाटेवर किंवा तिच्या डोक्यावर लाल-पिवळं काही नव्हतं. एकाने विचारलं, आज खड्डा कुठे खणायचा? मॅडम म्हणाल्या, शिकायला हवा तर खणा, वाट ठरवायला त्याची गरज नाही. खड्ड्याला लागला असता तेवढा वेळ आम्ही एकाच वेळी दोन बीकन पुरून शोधण्यात घालवला; पहिला सापडल्यावर त्याला खूण करून यादीतून बाजूला करणं हा वेगळाच अवघड प्रकार आहे, आणि तो मला अजून नीट जमत नाही.